तण मरावे, पीक राहावे : संगणकासाठी अँटिव्हायरस कसे निवडावे



उसात टू-फोर-डी फवारले की रुंद पानांचे तण करपते आणि ऊस उभा राहतो, हे आपणांस सांगावयास नको. पण त्याच सऱ्यांत आंतरपीक म्हणून हरभरा किंवा सोयाबीन असेल आणि गड्याने न विचारता तोच पंप मारला, तर तणाबरोबर आंतरपीकही जाते. औषध खोटे नसते आणि गड्यानेही मुद्दाम केलेले नसते. औषधाला रुंद पान तेवढे कळते. ते आपण पेरलेले की आपोआप उगवलेले, हा हिशेब मालकानेच ठेवायचा असतो.

संगणकातील अँटिव्हायरसचे असेच आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांत, सेवा सोसायट्यांत, ग्राहक सेवा केंद्रांत आणि कित्येक सभासदांच्या घरी आता संगणक आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी केंद्र शासनाने २०२२ साली २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिचे उद्दिष्टच ६३,००० संस्थांचे होते. म्हणजे पीककर्जाचा खातेउतारा, दुधाचे दहा दिवसांचे बिल, खताची उधारी, सगळे त्या पेटीत. तिला राखणदार पाहिजे यात वाद नाही. वाद आहे तो राखणदार घरच्याच माणसाला दारात अडवतो तेव्हा काय करायचे याचा. त्याविषयी या अंकात सविस्तर लिहीत आहोत.

प्रकार कसा घडतो पाहा. सकाळी सहाला केंद्रावर दूध यायला सुरुवात झाली. संगणक लावला तर फॅट मशीनला जोडलेला प्रोग्राम उघडतच नाही. कोपऱ्यात लाल खूण येते, धोका सापडला व दूर केला म्हणते. रांग वाढते. केंद्रचालक प्रोग्रामवाल्याला फोन लावतो आणि पलीकडून उत्तर येते, "काही नाही दादा, ते अँटिव्हायरस बंद करून टाका, मग चालतंय बघा." बंद केले की खरोखरच चालते. आणि मग ते कायमचे बंदच राहते. आमच्या मते खरा धोका या शेवटच्या वाक्यात आहे. राखणदाराने चूक केली ती एका सकाळपुरती, पण त्यापायी दार वर्षभर उघडे राहिले.

दार उघडे राहिले तर काय होते, त्याचे उदाहरण फार जुने नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा किडा जगभर सुटला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांतील फायलींना त्याने कुलूप घातले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरत होता, ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांच्याकडे तो घुसला. तेव्हा 'आमच्या केंद्रात काय सोनं ठेवलंय' म्हणून चालत नाही. हा चोर घर बघून येत नाही, जे दार उघडे दिसेल त्यात शिरतो.

आता अँटिव्हायरस प्रामाणिक प्रोग्रामला चोर का समजते, हे समजून घेतले म्हणजे निवड करणे सोपे जाते.

पूर्वी त्याचे काम साधे होते. प्रत्येक विषाणूचा ठसा त्याच्या वहीत असे आणि फाईल उघडली की ठसा ताडून पाहायचा. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' विषाणू फ्लॉपीवरून पसरला, तेव्हा अशा विषाणूंची संख्या बोटावर मोजण्याइतकी होती. आज रोज लाखांनी नवे नमुने निघतात, त्यामुळे वही पुरत नाही. म्हणून आजचे अँटिव्हायरस अंदाजही करते. हा प्रोग्राम काय करतो? कळफलकावर दाबलेली अक्षरे ऐकतो काय? दुसऱ्या प्रोग्रामच्या कामात हात घालतो काय? एकदम शेकडो फायली बदलतो काय? गाठोडे बांधावे तसा दाबून बांधलेला आहे काय? शिवाय ते पत विचारते : ही फाईल जगात किती जणांकडे आहे, आणि तिच्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही आहे काय?

हे प्रश्न आपल्या रोजच्या प्रोग्रामना लावून पाहा, म्हणजे घोटाळा ध्यानात येईल. मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रामला तुम्ही दाबलेले प्रत्येक अक्षर ऐकावेच लागते, नाहीतर 'के' दाबल्यावर 'क' उमटणार कसा? बँकेचा पासवर्ड चोरणाराही तेच करतो. रात्री बॅकअप घेणारा प्रोग्राम शेकडो फायली भराभर हाताळतो आणि खंडणीखोर किडाही तेच करतो. वजनकाट्याचा किंवा फॅट मशीनचा प्रोग्राम केबलमधून थेट यंत्राशी बोलतो. सेवा केंद्रातील अंगठ्याच्या मशीनची सेवा संगणकातच एक छोटी खिडकी उघडून बसते आणि ब्राउझर त्या खिडकीतून ठसा मागतो. डिजिटल सहीचा टोकन लावला की त्याचा सहायक प्रोग्रामही बहुधा असाच काम करतो. अँटिव्हायरसच्या जोडीला आलेली भिंत, जिला फायरवॉल म्हणतात, ती अशा खिडक्या बंद करू पाहते. मग अंगठा लागत नाही, आणि म्हातारी माणसे बोट पुसून पुसून थकतात.

सर्वांत मोठी अडचण पतीची. तालुक्याच्या गावी बसून कोणी होतकरू मुलाने वीस-पंचवीस केंद्रांसाठी प्रोग्राम लिहिला, तो जगात वीस-पंचवीस ठिकाणीच असणार. त्याच्यावर सही नाही, कारण सहीचे प्रमाणपत्र दरवर्षी पैसे देऊन घ्यावे लागते. त्यात दर महिन्याला नवी सुधारणा, म्हणजे फाईल पुन्हा नवी, पत पुन्हा शून्यापासून. गावात नव्या आलेल्या माणसाकडे पोलीसपाटील जसा बघतो तसेच अँटिव्हायरस त्याच्याकडे बघते. म्हणून प्रोग्राम विकत घेतानाच विचारावे, "तुमच्या फायलीवर डिजिटल सही आहे का?" हा प्रश्न एका केंद्राने विचारला तर कोणी मनावर घेणार नाही. दहा केंद्रांनी विचारला तर पुढच्या वर्षी सही येईल, असा आमचा अंदाज आहे.

चूक फक्त लहान प्रोग्रामच्या बाबतीतच होते असे मात्र नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या नव्या ठसावहीने विंडोज एक्सपीमधील 'एसव्हीसीहोस्ट' ही प्रत्यक्ष विंडोजचीच फाईल विषाणू म्हणून धरली. संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले, त्यांची नेटवर्कची जोडणी तुटली आणि अमेरिकेतील रुग्णालये, विद्यापीठे अडकून पडली. सप्टेंबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने गुगलचा क्रोम ब्राउझर पासवर्ड-चोर म्हणून उडविला. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफॉस कंपनीच्या अँटिव्हायरसने तर स्वतःचाच नवी वही आणणारा भाग विषाणू म्हणून पकडला. आता चूक दुरुस्त करणारी वही येणार कोठून? जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या एका नियमामुळे कित्येक कचेऱ्यांतील संगणकांवरचे शॉर्टकट एका दिवसात नाहीसे झाले. प्रोग्राम जागेवरच होते, दारावरची पाटी तेवढी गेली होती. पण पाटी नाही म्हटल्यावर लोकांना घरच सापडेना.

आणि १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या राखणदाराला एक सदोष सुधारणा गेली. नव्या नियमाच्या नमुन्यात एकवीस रकाने होते, प्रोग्राम पुरवीत होता वीस. एकविसावा शोधायला गेला आणि कोसळला, आणि तो विंडोजच्या गाभ्यात बसलेला असल्याने विंडोजही कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने ती सुधारणा ७८ मिनिटांत मागे घेतली, पण बिघडलेले संगणक एकेक करून, पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन उठवावे लागले.

एवढे सांगण्याचा हेतू, 'सगळेच सारखे, कशाला घ्यायचे' असा नाही. मोठ्यात मोठी कंपनीही चुकते, तेव्हा जाहिरातीत 'शंभर टक्के संरक्षण' पाहून निवड करू नये. ती चुकल्यावर आपला प्रोग्राम परत उभा करण्याची सोय तिच्यात किती आहे, हे पाहून करावी.

प्रथम घरचा राखणदार पाहू. विंडोज ८ पासून पुढे अँटिव्हायरस विंडोजमध्येच येते. विंडोज १० आणि ११ मध्ये ते डिफेंडर नावाने असते आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. घरगुती वापराला, मुलांच्या अभ्यासाला, सातबारा काढायला ते पुरेसे आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, दुकानदार काहीही म्हणो. मात्र विंडोज स्वतः जिवंत पाहिजे. विंडोज ७ चा पुरवठा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नेहमीचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कुडाचे भगदाड तसेच ठेवून कुत्रा बदलण्यात अर्थ नाही.

विकतचे घ्यायचे कारणही असू शकते. संस्थेत आठ-दहा संगणक आहेत, एका ठिकाणाहून सर्वांवर लक्ष ठेवायचे आहे, अडचण आली तर मराठीत फोनवर बोलणारा माणूस पाहिजे. पुण्याच्या क्विक हीलसारखी कंपनी आपल्याकडे पसरली त्यात या शेवटच्या गोष्टीचा वाटा असावा. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या कैलास व संजय काटकर या भावांनी संगणक दुरुस्तीच्या दुकानातून तो धंदा उभा केला. अर्थात आपल्या मुलखातला म्हणून डोळे मिटून घ्यावा असे नव्हे. जी चाचणी परक्याला, तीच घरच्याला.

एकावर एक दोन अँटिव्हायरस मात्र कधीही बसवू नयेत. दोघेही एकाच फाईलवर झडप घालतात, एक दुसऱ्याच्या ठसावहीलाच विषाणू समजतो आणि संगणक गाळात बसलेल्या ट्रॉलीसारखा होतो. घरगुती विंडोजमध्ये बाहेरचे नीट बसले की डिफेंडर आपण होऊन बाजूला सरते. जुने काढून टाकल्याशिवाय तिसरे टाकू नये.

आता चाचणीचे. जगात दोन संस्था हे काम नियमितपणे करतात, जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज. पहिलीच्या तक्त्यात तीन रकाने असतात, संरक्षण, वेग आणि वापरसुलभता, प्रत्येकी सहा गुण. जाहिरातवाले पहिल्या रकान्याचे सहा गुण मोठ्या अक्षरांत छापतात. आपण तिसरा रकाना पाहावा, कारण चांगल्या प्रोग्रामला वाईट म्हटल्याचे गुण तेथे कापले जातात. दुसरी संस्था तर खोट्या हाकाटीचा अहवाल वेगळाच काढते. हे अहवाल फुकट पाहायला मिळतात. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला सांगितले तर पंधरा मिनिटांत काढून देतील.

तरीही त्या संस्थांनी तुमचा फॅट मशीनचा प्रोग्राम तपासलेला नसतो. तो तुम्हालाच तपासावा लागेल. पुष्कळ कंपन्या काही दिवसांची चाचणी प्रत फुकट देतात. ती घ्यावी, पण हंगामाच्या भरात किंवा बिलाच्या आदल्या दिवशी नव्हे. आधी सर्व माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि डिस्क सोडवून कपाटात ठेवावी. मग अँटिव्हायरस बसवून पूर्ण दिवसाचे काम करून पाहावे : वजन घ्या, पावती छापा, बिल काढा, बॅकअप घ्या, अंगठा लावा, मराठीत एक पत्र टाइप करा, संगणक बंद करून पुन्हा लावा. फॉक्सप्रोसारख्या जुन्या पद्धतीचे प्रोग्राम काही ठिकाणी अजून चालतात. त्यांची एकच मोठी फाईल दिवसभर उघड-मीट होते आणि अँटिव्हायरस दर वेळी ती नखशिखांत तपासू लागले तर बिल काढायला दोन मिनिटांऐवजी वीस मिनिटे लागतात. हे कागदावर कळत नाही, वापरूनच कळते.

राखणदार जागा आहे की नाही तेही पाहता येते. 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाईल मिळते. ती विषाणू नाही, पण ती दिसताच सर्व प्रमुख अँटिव्हायरसनी ओरडावे असे ठरलेले आहे. ओरडले नाही तर समजावे, राखणदार झोपलेला आहे.

विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडून तीन गोष्टी प्रत्यक्ष पडद्यावर दाखवून घ्याव्यात. पकडलेली फाईल ते थेट नष्ट करते की कोंडून ठेवते? कोंडवाड्यात ठेवत असेल तर सोडवून आणता येते, नष्ट केली तर संपले. दुसरे, अमुक प्रोग्रामला हात लावू नको अशी सूट देण्याची यादी कोठे आहे? तिसरे, पूर्ण तपासणीची वेळ आपण ठरवू शकतो काय? सकाळी सहा ते नऊ दुधाची वेळ, तेव्हा तपासणी सुरू झाली तर काय कामाची? 'ते सगळं आपोआप होतंय' एवढेच उत्तर देणाऱ्या दुकानातून घेऊ नये.

सुटीची यादी हे या विषयाचे मर्म आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. डिफेंडरमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यातील मॅनेज सेटिंग्ज, आणि तळाशी एक्सक्लूजन्स असा रस्ता आहे. पकडलेल्या फायली प्रोटेक्शन हिस्ट्रीत दिसतात आणि तेथूनच परत आणता येतात. रखवाली पूर्ण बंद करण्यापेक्षा एवढी एक सूट देणे केव्हाही बरे. आणखी एक गंमत अशी की डिफेंडरची रखवाली हाताने बंद केली तरी काही वेळाने ती आपण होऊन चालू होते. म्हणून 'सकाळी चाललं, दुपारी पुन्हा बंद पडलं' अशी तक्रार येते आणि लोक संगणकाला दोष देतात.

सूट मात्र हात आखडून द्यावी. ज्या प्रोग्रामची अडचण आहे तो प्रोग्राम आणि त्याच्या माहितीचा फोल्डर, एवढेच. काही प्रोग्रामवाले अख्ख्या 'सी' ड्राइव्हलाच सूट देऊन मोकळे होतात. एका आंतरपिकासाठी सगळे रान फवारायचे सोडून दिल्यासारखे ते झाले. डाउनलोड्सच्या फोल्डरला आणि पेन ड्राइव्हला तर कधीच सूट देऊ नये, कारण तण येते ते त्याच बांधावरून. विंडोजमध्ये फोल्डर राखून ठेवण्याची एक जादा सोयही आहे. ती चालू केल्यास अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही. खंडणीखोरांविरुद्ध ती चांगली, पण आपला हिशेबाचा प्रोग्राम आधी परवानगीच्या यादीत घालावा, नाहीतर पहिल्याच दिवशी बिल अडकेल.

आता नाजूक बाब. प्रत्येक लाल खूण खोटी नसते. कोणी 'फुकटात करून देतो' म्हणून चोरीचे विंडोज किंवा हिशेबाचे कुलूप तोडलेले पॅकेज टाकून गेला, आणि जाताना 'हे अँटिव्हायरस उगाच ओरडतंय' म्हणाला, तर तेथे राखणदारच खरा असण्याचा संभव मोठा. कुलूप तोडणाऱ्या त्या अवजारांतून किडे पसरविणे हा जुना धंदा आहे. खरे-खोटे ठरविताना आम्ही असे विचारू : फाईल कोणाकडून आली? नेहमीच्या प्रोग्रामवाल्याकडून, की कोणाच्या पेन ड्राइव्हवरून? ओरडा सुरू झाला तो नवी सुधारणा बसविल्यानंतर की काहीच न बदलता? त्याच प्रोग्रामच्या शेजारच्या केंद्रातही आज सकाळीच असे झाले काय? झाले असेल तर बहुधा नव्या ठसावहीची चूक. फक्त तुमच्याकडेच झाले असेल तर सावध व्हावे, तुमची फाईल खरोखर बिघडलेली असू शकते.

आणखी खात्री पाहिजे तर व्हायरस-टोटल ही सेवा आहे. स्पेनमध्ये २००४ साली सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गुगलकडे आहे. तेथे फाईल टाकली की सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसची मते एकदम मिळतात. एक-दोघांनीच बोट दाखविले तर बहुधा खोटी हाकाटी, तीस-चाळीसांनी दाखविले तर वादच नको. पण तेथे टाकलेली फाईल इतर कंपन्यांनाही पाहता येते, हे विसरू नये. प्रोग्रामची फाईल टाकावी. सभासदांच्या नावांची, कर्जांची, आधार क्रमांकांची फाईल कधीही टाकू नये. संशय खोटा ठरला तर प्रोग्रामवाल्याने ती फाईल अँटिव्हायरस कंपनीकडे फेरतपासणीसाठी पाठवावी. तशी सोय सर्व मोठ्या कंपन्यांनी ठेवलेली आहे. एकदा वही दुरुस्त झाली की सर्वच केंद्रांची अडचण जाते, घरोघरी सूट देत फिरावे लागत नाही.

मोबाईलविषयी थोडक्यात. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाईल येते, उघडताच फोन धोक्याची सूचना देतो आणि लोक 'तरीही बसवा' दाबतात. येथे सूट देण्याचा प्रश्नच नाही. शासनाची कोणतीही योजना अशी फाईल गटात पाठवून चालत नाही. दाबले गेलेच आणि पैसे गेले तर बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, उद्यावर टाकू नये.

राहिली एक किरकोळ पण हमखास नडणारी गोष्ट. दिलेल्या सुटी त्या संगणकातच राहतात. संगणक फॉरमॅट केला किंवा नवा घेतला की त्या जातात आणि तीच रांग पुन्हा लागते. म्हणून कोणत्या प्रोग्रामला, कोणत्या फोल्डरला, कोणत्या तारखेला व कोणाच्या सांगण्यावरून सूट दिली, हे केंद्राच्या वहीच्या पहिल्या पानावर पेनने लिहून ठेवावे. गाळप संपल्यावर एकदा ती यादी वाचावी आणि जो प्रोग्राम आता वापरात नाही त्याची सूट काढून टाकावी.